नवशिक्याचें विमान : एका निवडीचा इतिहास

कोणतीही विद्या हस्तगत करूं इच्छिणाऱ्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न गुरूचा असतो आणि दुसरा साधनाचा. तबला शिकणाऱ्यानें कोणती जोडी घ्यावी, पोहूं लागणाऱ्यानें आधीं विहिरींत उतरावें कीं नदींत, या प्रश्नांचीं उत्तरें घरांतील वडील माणसें पिढ्यान् पिढ्या देत आलीं आहेत. परंतु जमिनीवर उभें राहून बिनतारी यंत्राच्या साह्यानें जें लहान विमान आकाशांत उडवावयाचें, त्याच्या पहिल्या निवडीविषयीं आपल्या घरांत अशी परंपरा नाहीं. मुलगा दुकानांत टांगलेल्या लढाऊ विमानावर भाळतो, वडील किंमत विचारतात, आणि वर्षभर सांठविलेले पैसे पहिल्याच उड्डाणांत, मिनिट भरण्यापूर्वीं, मातीला मिळतात. पैसा गेल्याचें दुःख लवकर ओसरतें. पण ‘हें आपल्याला जमणारें नव्हे’ अशी जी समजूत त्या कोवळ्या मनांत घर करते, तें नुकसान मोठें. कारण ती समजूत खोटी असते. चूक मुलाच्या हाताची नसते, निवडीची असते.

ही निवड कशी करावी याचें उत्तर दुकानदाराच्या सूचीपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें. कारण नवशिक्याला आज जी अडचण पडते, तीच अडचण विमानविद्येच्या आद्य पुरुषांना पडली होती. आणि ती त्यांनीं दोन निरनिराळ्या मार्गांनीं सोडविली. हे दोन मार्ग नीट समजले, म्हणजे पहिलें विमान कोणतें घ्यावें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

पहिल्या मार्गाचा उगम इंग्लंडांत झाला. सर जॉर्ज केली यानें १८०४ सालीं पतंगासारखा पंख व मागें फिरवितां येणारी शेपटी असलेलें, एक लहान तरंगतें विमान तयार केलें. पुढें १८०९-१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, दोन्ही पंख टोंकांकडे किंचित् वर उचललेले असले म्हणजे कलंडलेलें विमान आपोआप सरळ होतें, हें तत्त्व त्यानें मांडलें. या बीजाला अंकुर फुटला तो फ्रान्समध्यें. अल्फोन्स पेनो नांवाच्या तरुणानें १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्विलरी बागेंत, जाणत्या मंडळींसमोर, पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारें एक हातभर लांबीचें विमान उडविलें. तें अकरा सेकंद हवेंत राहिलें आणि सुमारें चाळीस मीटर गेलें. आज हे आंकडे ऐकून हसूं येईल. परंतु त्या अकरा सेकंदांत त्या विमानावर कोणाचाही हात नव्हता, दोरी नव्हती, आंत माणूस नव्हता. आणि तरीही तें डोलत, सांवरत सरळ गेलें. वर उचललेलीं पंखांचीं टोंकें आणि योग्य कोनांत बसविलेली मागची शेपटी या दोहोंनीं तें काम केलें. विमानानें आपला तोल आपणच सांवरावा, माणसानें फार तर त्याला दिशा दाखवावी, हा पेनोचा सिद्धान्त होय. मोठें विमान बांधण्यासाठीं त्याला साहाय्य मिळालें नाहीं, आणि १८८० सालीं, अवघ्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आत्मघात केला. त्याचें खेळणें मात्र त्याच्यामागें जगभर पसरलें.

तें अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकाच्या घरींही पोहोंचलें. बिशप मिल्टन राइट यानें १८७८ च्या सुमारास आपल्या दोन लहान मुलांना पेनोच्या धर्तीचें, रबरानें वर उडणारें एक खेळणें आणून दिलें. विल्बर आणि ऑर्व्हिल हीं त्या मुलांचीं नांवें. दैवयोग असा कीं, पेनोच्या खेळण्यावर वाढलेल्या याच मुलांनीं पुढें पेनोचा मार्ग सोडून दिला. विमान आपोआप स्थिर राहिलें, तर वाऱ्याचा झोत आला असतां तें वैमानिकाचें न ऐकतां वाऱ्याचेंच ऐकेल, असें त्यांचें मत झालें. म्हणून त्यांनीं मुद्दाम अस्थिर विमान बांधलें. त्याचे पंख टोंकांकडे वर उचललेले नव्हते, उलट किंचित् खालीं झुकलेले होते. तोल सांवरण्याचें सर्व काम त्यांनीं माणसाच्या हातीं दिलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळच्या वाळूंत जें घडलें तें सर्वश्रुत आहे : पहिलें उड्डाण बारा सेकंदांचें व १२० फुटांचें, त्याच दिवसाचें शेवटचें एकोणसाठ सेकंदांचें व ८५२ फुटांचें.

या विजयाचा चुकीचा अर्थ करून घेण्याचा मोह होतो. अवघड यंत्र घेऊन धैर्यानें भिडावें म्हणजे यश येतें, असें राइट बंधूंच्या चरित्रावरून पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. इंजिन बसविण्यापूर्वीं त्यांनीं १९००, १९०१ व १९०२ अशीं तीन वर्षें बिनइंजिनाचीं विमानें उडविलीं. प्रथम तर पतंगाप्रमाणें दोरीला बांधून. एकट्या १९०२ च्या हंगामांत त्यांनीं शेंकडों वेळां वाळूच्या टेकडीवरून तरंगत खालीं येण्याचा अभ्यास केला. खालीं मऊ वाळू, समोरून स्थिर वारा आणि जमिनीपासून थोडीच उंची, ही त्यांची शाळा होती. अवघड विमान त्यांनीं निवडलें हें खरें. पण त्यापूर्वीं चूक स्वस्त पडावी अशी जागा त्यांनीं निवडली होती.

त्याच काळीं वॉशिंग्टन येथें सॅम्युएल लँग्ली हा विद्वान् पेनोच्या मार्गानें चालला होता. ६ मे १८९६ रोजीं त्याचें वाफेवर चालणारें, माणूस नसलेलें विमान पोटोमॅक नदीवरून सुमारें एक हजार मीटर उडालें. तें आपला तोल आपण सांवरीत असे, म्हणूनच हें शक्य झालें. परंतु तोच नमुना मोठा करून त्यांत माणूस बसविला, तेव्हां १९०३ च्या ऑक्टोबरांत व डिसेंबरांत दोन्ही वेळां विमान थेट नदींत कोसळलें. तात्पर्य एवढेंच कीं, माणूस आंत बसून विमान हांकणार असेल तर राइटांचा मार्ग आणि आंत कोणी नसेल तर पेनोचा मार्ग, असा जणूं निवाडाच कालपुरुषानें दिला. आपला नवशिक्या या दोहोंच्या मधोमध उभा आहे. विमानांत तो बसलेला नाहीं. पण तें हांकावयाचें मात्र त्यालाच आहे.

ही मधली अवस्था निर्माण केली ती बिनतारी संदेशानें. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या कुंडांत एक लहान बोट दुरूनच चालवून दाखविली. परंतु बोटीला जें वजन पेलतें तें विमानाला पेलत नाहीं. त्या काळचे दिवे, बॅटऱ्या आणि तारांचीं वेटोळीं उचलील असें हलकें इंजिन निघण्यास तीस-पसतीस वर्षें जावीं लागलीं. अखेर १९३७ सालीं अमेरिकेंतील कॅलमझू गांवच्या वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं ‘गफ’ नांवाचें, आठ फूट पंखविस्ताराचें विमान बिनतारी नियंत्रणानें यशस्वीपणें उडविलें. एकाचा हात विमानावर चांगला चालत असे, दुसऱ्याचा बिनतारी यंत्रावर. हें ‘गफ’ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान-संग्रहालयाच्या मालकीचें आहे.

त्याच वर्षीं डेट्रॉइट येथील राष्ट्रीय स्पर्धेंत अशा विमानांचा पहिला सामना झाला. त्यांत पहिला आला चेस्टर लॅन्झो. त्याचें विमान जमलेल्या विमानांत सर्वांत हलकें आणि सर्वांत साधें होतें. तें फार डौलानें उडालें असेंही नाहीं; पण तें उडालें, आणि कांहीं मिनिटें उडत राहिलें. नवशिक्यानें भिंतीवर लिहून ठेवावा असा हा पहिला सामना आहे. या छंदाच्या जन्मकाळींच हलकेपणा आणि साधेपणा यांनीं गुंतागुंतीवर मात केली होती.

त्या काळच्या नियंत्रणाची रीत समजली म्हणजे हें विमान साधें कां असावें लागे हेंही कळतें. उडविणाऱ्याच्या हातांत बहुधा एकच बटण असे. तें दाबलें कीं विमानाच्या पोटांतील एक खटका सुटे आणि पिळलेल्या रबराच्या जोरानें शेपटीचें सुकाणू एका बाजूस पूर्ण वळे. सोडलें कीं मध्यावर येई. पुन्हां दाबलें कीं दुसऱ्या बाजूस वळे. पेनोचें रबर असें साठ वर्षांनीं पुन्हां विमानांत शिरलें, या वेळीं सुकाणू फिरविण्यासाठीं. थोडें वळवावें, हळू वळवावें, ही सोयच नव्हती. मागच्या वेळीं डावें वळलें होतें कीं उजवें, हें उडविणाऱ्यानेंच लक्षांत ठेवावयाचें. अशा परिस्थितींत, दोन आज्ञांच्या मधल्या काळांत विमानानें स्वतःच शहाणपणानें वागणें अवश्य होतें. म्हणून त्या काळचें जवळजवळ प्रत्येक विमान पेनोचा वंशज असे : पंख धडाच्या वर, टोंकें उचललेलीं, शेपटी मोठी, वेग थोडा.

याच सुमारास या खेळण्याला युद्धानें दत्तक घेतलें. ब्रिटिशांनीं १९३५ सालीं ‘टायगर मॉथ’ या शिकाऊ विमानावरून ‘क्वीन बी’ नांवाचें वैमानिकाशिवाय उडणारें विमान तयार केलें. नेमबाजीच्या सरावासाठीं तें तोफांचें लक्ष्य होत असे. आज सर्वांच्या तोंडीं असलेला ‘ड्रोन’ हा शब्द, म्हणजे नर मधमाशी, या ‘राणीमाशी’वरूनच रूढ झाला असें बहुतेक मानतात. अमेरिकेंत रेजिनाल्ड डेनी या चित्रपटनटानें छंदाच्या विमानांचें दुकान काढलें होतें. त्यांतूनच पुढें सैन्यासाठीं लक्ष्य-विमानें बनविणारा कारखाना उभा राहिला. युद्धकाळांत अशीं विमानें हजारोंच्या संख्येनें निघालीं. १९४५ सालीं याच कारखान्यांत काम करणाऱ्या एका तरुणीचें छायाचित्र एका लष्करी छायाचित्रकारानें घेतलें. ती तरुणी पुढें मेरिलिन मन्रो या नांवानें विख्यात झाली. इतिहासाच्या वाटा कोठून कोठें जातात याचा हा एक मासला.

युद्धानंतरच्या दोन दशकांत या विद्येंत मोठें स्थित्यंतर झालें. १९४७ मध्यें रे आर्डन यानें तापलेल्या तारेनें पेट घेणारा ठिणगीविरहित प्लग बाजारांत आणला, त्यामुळें लहान इंजिनावरील बॅटरी व कॉइल यांचा भार उतरला. पुढें ट्रान्झिस्टर आले आणि दिव्यांचें वजनही गेलें. १९६० नंतरच्या दशकांत तर हातांतील काठी जितकी हलवावी तितकेंच सुकाणू वळावें, असें प्रमाणबद्ध नियंत्रण साधलें. या शोधानें उडविणाऱ्याला राइट बंधूंचें राज्य मिळालें. आतां विमान स्वतः स्थिर असण्याची निकड उरली नाहीं. पंख धडाच्या खालीं बसवावा, सपाट ठेवावा, विमान उलटें करून उडवावें, गिरक्या घ्याव्यात, सर्व कांहीं शक्य झालें.

आणि नेमकी येथेंच नवशिक्याची अडचण जन्मास आली. यापूर्वीं ‘शिकाऊ विमान’ असा स्वतंत्र वर्ग जवळजवळ नव्हता, कारण सर्वच विमानें शिकाऊंना सोसणारीं होतीं. आतां तज्ज्ञाचें विमान एका वाटेनें गेलें आणि शिकाऊचें जुन्याच वाटेवर राहिलें. दुकानाच्या खिडकींत मात्र तज्ज्ञाचेंच विमान चमकूं लागलें. जुन्या वाटेवरच्या विमानाला ‘ट्रेनर’ हें किंचित् कमीपणाचें नांव मिळालें, आणि तें घेणें म्हणजे आपलें अज्ञान जाहीर करणें, असें तरुणांना वाटूं लागलें. वास्तविक पाहतां, ज्या विमानाला ते हिणवितात तेंच घराण्यानें थोर आहे. त्याच्या उचललेल्या पंखांत केली आणि पेनो आहेत, त्याच्या हलकेपणांत लॅन्झो आहे.

आमच्याकडे विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधीत. भोपळा मुलाला पोहावयास शिकवीत नाहीं. तो फक्त बुडूं देत नाहीं, आणि तेवढ्या अवकाशांत हातपाय आपलें काम शिकून घेतात. उचललेल्या टोंकांचा, धडावर बसविलेला पंख हा शिकाऊ विमानाचा भोपळा होय. काठी सोडून दिली तर तें विमान कांहीं क्षणांत आपोआप सरळ होतें, आणि गोंधळलेल्या नवशिक्याला विचार करण्यास अवधि मिळतो. लढाऊ विमानाची प्रतिकृति हा अवधि देत नाहीं. तिचा पंख लहान, वजन पुष्कळ. म्हणून तिला हवेंत राहण्यासाठींच वेगानें धांवावें लागतें. वेग कमी झाला कीं पंखावरची हवा सुटते आणि एक बाजू अकस्मात् खालीं जाते. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याची आणखी एक पंचाईत असते : विमान त्याच्याकडे तोंड करून येऊं लागलें कीं डावें-उजवें उलटें होतें. अशा वेळीं जो पंख खालीं झुकलेला दिसेल त्याच बाजूला काठी न्यावी, म्हणजे विमान सांवरतें. पण ही एवढी गोष्ट आठवण्यासाठींही दोन-तीन सेकंद लागतात. आणि ते दोन-तीन सेकंद कोणतें विमान देतें, हाच निवडीचा खरा निकष आहे.

एकविसाव्या शतकानें या जुन्या वाटेवर दोन-तीन सोयी केल्या आहेत. पूर्वीं शिकाऊ विमान बाल्सा नांवाच्या अतिहलक्या लांकडाचें असे. महिनाभर खपून बांधलेलें विमान एका आघातांत चुरा होई. आतां लवचिक फोमचीं विमानें मिळतात, तीं पडलीं तर बहुधा डिंकानें जोडतां येतात. लिथियम-पॉलिमर बॅटरी व विजेची मोटर यांनीं तेलकट इंजिनाची कटकट दूर केली. मात्र ही बॅटरी भरतांना जवळ कोणी तरी असलेंच पाहिजे, कारण बिघडली तर ती पेट घेते. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचीं यंत्रें आलीं. तत्पूर्वीं एकाच लहरीवर दोघांनीं यंत्र लावलें तर विमान कोसळत असे, ती भीति गेली. मल्टिप्लेक्स या जर्मन कंपनीचें ‘ईझीस्टार’ हें या काळचें एक उत्तम उदाहरण आहे. त्याचा पंख वर, टोंकें उचललेलीं, अंग फोमचें, आणि मोटरीचा पंखा पुढें नसून पंखाच्या मागें. त्यामुळें नाक आपटलें तरी पंखा वांचतो. पेनोच्या विमानाचा पंखाही मागेंच होता, हें येथें सहज आठवतें.

तेव्हां निवडीचे नियम इतिहासांतूनच निघतात. पंख धडाच्या वर असावा आणि टोंकांकडे उचललेला असावा. अंग फोमचें असावें. पंखविस्तार एक मीटर ते दीड मीटर असला तर बरा. फार लहान विमान वाऱ्यानें भिरभिरतें आणि लवकर दिसेनासें होतें. आरंभीं मोटरीचा वेग, सुकाणू आणि वर-खालीं करणारी शेपटी, एवढीं तीनच नियंत्रणें पुरेत. पंखावरील पट्ट्या, ज्यांस एलेरॉन म्हणतात, त्या दुसऱ्या विमानावर शिकाव्या. आकारास वजन जितकें कमी तितकें चांगलें. भारमध्य सूचनापत्रांत सांगितलेल्या जागीं आहे कीं नाहीं हें उडविण्यापूर्वीं दोन बोटांवर तोलून पाहावें. नाक किंचित् जड असलेलें विमान सुस्त उडतें, परंतु शेपटी जड असलेलें विमान हातांत राहतच नाहीं. आणि शक्य असेल तर जाणत्या माणसाच्या शेजारीं उभें राहून शिकावें.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. हल्लीं विमानांत इलेक्ट्रॉनिक जायरो बसवितात. काठी सोडली कीं तो विमान सरळ करतो, अतिरेकी वळण घेऊंच देत नाहीं. मग उचललेले पंख कशाला हवेत? लढाऊ विमानांतच जायरो बसवून मुलाची हौस कां पुरवूं नये? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु उचललेल्या पंखाचें स्थैर्य आणि जायरोचें स्थैर्य यांत भेद आहे. पंख हवेशीं जें बोलतो तें विमानाच्या चालीवरून डोळ्यांना दिसतें. त्यावरून हाताला हवेची भाषा कळूं लागते. जायरो मात्र पडद्याआडून चूक दुरुस्त करतो, आणि आपण काय चुकलों हें शिकाऊला कळतच नाहीं. शिवाय जड विमानाचा वेग आणि आघात जायरो कमी करूं शकत नाहीं. म्हणून साध्या विमानांत जायरो असला तर पहिले कांहीं दिवस तो अवश्य वापरावा, पुढें क्रमाक्रमानें बंद करावा; भोपळाही असाच पाठीवरून सोडतात. पण जायरोच्या भरंवशावर अवघड विमान घेऊं नये.

विमानाइतकीच जागेची निवडही महत्त्वाची, हें राइटांच्या वाळूनें शिकविलेंच आहे. पिकें निघालेलें मोकळें शेत, सकाळची वेळ आणि मंद वारा असावा. माणसें, रस्ते व विजेच्या तारा दूर असाव्यात. आपल्या देशांत २०२१ सालच्या ड्रोन-नियमांनीं मनुष्यविरहित विमानांचे वजनावरून वर्ग पाडले आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले. उडविण्यापूर्वीं आपली जागा कोणत्या विभागांत येते आणि नियम काय सांगतात हें पाहणें हा शिकण्याचाच भाग समजावा.

शेवटीं एका उड्डाणाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें मेनार्ड हिल या सत्याहत्तर वर्षांच्या अमेरिकन गृहस्थानें आपल्या सहकाऱ्यांसह एक विमान न्यूफाउंडलंडहून सोडलें. तें बाल्सा लांकडाचें, पांच किलोपेक्षां हलकें होतें. हिल यांची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. विमान हातानें फेंकून उडविलें, किनाऱ्यावरील मनुष्यानें तें बिनतारी नियंत्रणानें मार्गास लावलें, आणि मग समुद्रावर तें यंत्राच्या साह्यानें आपला मार्ग आपण शोधीत गेलें. अडतीस तास बावन्न मिनिटांनीं, तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर तें उतरविण्यांत आलें. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या या विमानांत डोळे दिपविणारें कांहीं नव्हतें. तें हलकें होतें, साधें होतें, आणि आपला तोल सांवरून दीर्घकाळ उडत राहणें एवढाच त्याचा धर्म होता.

पेनोच्या अकरा सेकंदांपासून हिलच्या अडतीस तासांपर्यंतचा हा प्रवास ज्याच्या ध्यानांत येईल, त्याला शिकाऊ विमान हातीं धरण्यांत कमीपणा वाटणार नाहीं. दुकानाच्या खिडकींतील स्पिटफायर कोठें पळून जात नाहीं. वर्ष-दोन वर्षांनीं तें विमान घेण्यास तोच मुलगा येईल, तेव्हां त्याच्या हाताला हवेची ओळख झालेली असेल, आणि तें विमान त्याच्या हातांत एका मिनिटापेक्षां अधिक काळ टिकेल.